एमआरआयमध्ये टार्लोव्ह सिस्ट निघाली, पण दुखणं तिचंच कशावरून?

प्रश्न : कंबरेच्या एमआरआय रिपोर्टात दोन गोष्टी आल्यात. एल४-एल५ची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) चकती किंचित फुगलेली, आणि एस२ला (माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतल्या दुसऱ्या नसेला) डावीकडे १.८ सेंमीची टार्लोव्ह सिस्ट, म्हणजे नसेच्या मुळावरची पाण्याची पिशवी, पुढे 'इन्सिडेंटल' (सहज आढळलेली, दुखण्याशी संबंध नसलेली) असा शेरा. तक्रार अशी : वीस मिनिटं बसलं की डाव्या कुल्ल्यात आणि माकडहाडाजवळ जळजळ, शिंकताना कळ, आडवं झालं की आराम. दोष चकतीचा की सिस्टचा? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १ : 'इन्सिडेंटल' हा शेरा बहुतेक वेळा बरोबरच असतो, अनेकांना ही सिस्ट असते आणि जन्मभर त्रास देत नाही. पण ती नसेच्या मुळावरच असते. आत मज्जारज्जूभोवतीचंच पाणी, आणि भिंतीत नसेचे तंतू. पाणी आत सहज शिरतं, बाहेर यायला वाट अरुंद. खोकला, शिंक किंवा शौचाला जोर केला की दाब वाढतो आणि तंतू ताणले जातात. बसल्यावरही खालच्या टोकाला दाब जास्त, आडवं झालं की उतरतो.

मात्र बसून आणि शिंकून चकतीचं दुखणंही वाढतं, तेव्हा त्यावरून निकाल लावू नका. दुखणं कुठे उतरतं ते पाहा. एल४-एल५ची चकती बहुधा एल५ नस दाबते : पोटरीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या, पायाचा अंगठा वर उचलायला जोर कमी. एस२ची नस मांडीच्या मागून जाते, एस३पासून खालच्या नसा गुदाभोवती आणि जननेंद्रियांकडे. सिस्ट डावीकडे आणि त्रास उजवीकडे असेल, तर ती जवळजवळ निर्दोष.

प्रतिसाद २ : लघवीचं लिहिलंच नाहीत! घाई होते का, धार सुरू व्हायला वेळ लागतो का, नवी बद्धकोष्ठता, संभोगात वेदना? संकोचापोटी नेमकं हेच डॉक्टरांना सांगायचं राहतं. लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफीत मूत्राशयात किती उरली ते मोजतात. शंका राहिली तर युरोडायनॅमिक तपासणी, म्हणजे मूत्राशयाचा दाब आणि लघवीची धार मोजणं.

कंबरेच्या एमआरआयचे आडवे छेद बरेचदा एस१च्या आसपास संपतात. त्रिकास्थीचा वेगळा एमआरआय लागेल का, ते विचारा. सिस्टने हाड कोरलंय का, हेही रेडिओलॉजिस्टना पाहायला सांगा. १.५ सेंमीपेक्षा मोठी सिस्ट त्रास देण्याची शक्यता जास्त धरतात, पण निव्वळ आकार हा पुरावा नव्हे.

प्रश्नकर्ता : सुईने पाणी काढून टाकलं तर?

प्रतिसाद १ : नुसतं काढलं तर बहुधा पुन्हा भरते. म्हणून काही ठिकाणी पाणी काढून आत फायब्रिन ग्लू (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांचा डिंक) सोडतात. त्यातही मेंदू-मज्जारज्जूच्या आवरणांना सूज येण्याचा धोका आहे. शस्त्रक्रियेनंतर पाणी गळत राहणं ही नेहमीची डोकेदुखी, शब्दशःही, कारण ते गळलं की डोकं दुखतं. आधी नसेच्या दुखण्यावरची औषधं : गॅबापेंटिन, प्रीगॅबालिनसारखी, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

प्रतिसाद २ : एक राहिलं. लघवी अचानक तुंबली, गुदाभोवती बधिरपणा आला किंवा दोन्ही पाय लुळे वाटले, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी तातडीच्या विभागात जा.