प्रति: गाडीच्या दाराच्या पॅनलचं कापड घरी रंगवणं
वर विचारलंय की गाडीच्या दाराच्या आतल्या पॅनलवरचं राखाडी कापड काळं करायला कपड्यांचा साधा रंग चालेल का, तर नाही हो, ते बहुतेक वेळा पॉलिएस्टर असतं आणि त्याला डिस्पर्स डाय (पॉलिएस्टरसारख्या कृत्रिम धाग्यांचा खास रंग) लागतो, तोही जवळजवळ उकळत्या पाण्यात, म्हणजे कापड सोडवून पातेल्यात घालायची तयारी हवी. मी शहाणपणा करून जागेवरच ब्रशने साधा रंग फासला होता, महिनाभर शर्टाची बाही काळी होत होती :) त्यापेक्षा नवीन काळं कापडच चिकटवा, मागे पातळ फोम असलेलं घ्या, गोलाईवर सुरकुत्या कमी पडतात. स्प्रे ग्लू पॅनलवर आणि कापडाच्या मागच्या बाजूला, असा दोन्हीकडे मारून, बोटाला जरा चिकचिक लागेल एवढा सुकला की मगच दाबा, मधून कडेकडे. आणि ज्या पिलरवर (काचांच्या कडेचा, छताला आधार देणारा खांब) एअरबॅग लिहिलंय त्याला कापड अजिबात लावू नका.