रनवेवर लिहिलंय २१, नकाशा म्हणते २२१: मधले अंश कोणी खाल्ले?

संत्री_विंगमन

भाऊ लोकहो, डोकं फिरून राहिलं म्हणून विचारून राहिलो. हसा, पण उत्तर द्या.

दोन वर्षं मी डीसीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या विमान उडवायच्या गेममध्ये, पर्शियन गल्फचाच नकाशा उडवला. एफ-१६, रोज रात्री जेवण झाल्यावर तासभर. कधी रस्ता चुकलो नाही. मागच्या महिन्यात नेवाडाचा नकाशा घेतला अन् शुक्रवारी मी आणि माझा मित्र लास वेगासजवळच्या नेलिस तळावरून निघालो. मिशन मीच बनवलं होतं. नकाशावर मोजपट्टी ओढून आकडे वहीत उतरवले. हो, वहीतच, आईच्या दुधाच्या हिशेबाच्या मागच्या पानावर. टार्गेट ३१० अंशांवर, ६० मैल.

हडवर (पायलटसमोरच्या काचेवर आकडे दिसतात तो) ३१० धरून ६० मैल गेलो. खाली नुसती रेती. मित्र माईकवर म्हणे, "बॉम्ब घरी घेऊन जायचे का, डब्यात?"

परत आलो तर धूळ. रनवे २१, मोजपट्टीवर तो २२१ भरला होता. २२१ धरून यायला लागलो, समोर लास वेगासचा झगमगाट, अन् रनवे आपला डावीकडे सरकून राहिला. परत फिरलो, परत तेच. तिसऱ्या वेळी इंधन संपलं आणि मी वाळवंटात "उतरलो".

आता सांगा, २१ म्हणजे २१० ना बाप्पा? मग नकाशा २२१ काहून दाखवते? नकाशा चुकला का विमान? (मित्र विचारतो, ग्राफिक्स कार्ड बदललं तर होईल का. त्याच्याकडे लक्ष देऊ नका.)

तर्री_जास्त

ग्राफिक्स कार्डवाल्याला माझा नमस्कार सांग.

वारा होता का? मला वाटते वाऱ्यानं ढकललं असेल. मिशन एडिटरमध्ये वारा उलटा भरला जातो, माझं एकदा झालं होतं.

संत्री_विंगमन

वारा शून्य ठेवला होता. अन् वारा रनवेचा आकडा कसा बदलवेल बे?

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट

विंगमन, तुमचा नकाशाही बरोबर आहे आणि विमानही. चूक नागपूरची आहे. सांगतो.

नकाशावरची मोजपट्टी खऱ्या उत्तरेपासून मोजते, ध्रुवाच्या उत्तरेपासून. एफ-१६ चा हड आणि रनवेवर रंगवलेला आकडा होकायंत्राच्या उत्तरेपासून. या दोन उत्तर दिशांमधल्या फरकाला व्हेरिएशन म्हणतात आणि तो गावागणिक वेगळा असतो. तुमच्या नेवाडात तो सुमारे १२ अंश पूर्व. २२१ मधून १२ गेले, राहिले २०९. जवळचा दशक धरायचा, शेवटचं शून्य टाकायचं: २१. झाला तुमचा रनवे.

टार्गेटचंही तेच. नकाशावरचे ३१० म्हणजे हडवर २९८. तुम्ही ३१० धरलंत, म्हणजे १२ अंश उजवीकडे गेलात. ६० मैलांवर एका अंशाला साधारण एक मैल चूक पडते, हे आम्हाला पाठ करून घेतलेलं. तुम्ही टार्गेटपासून १२ मैल बाजूला होतात. रेतीच दिसणार.

मग दोन वर्षं का कळलं नाही? पर्शियन गल्फवर हा फरक २ अंशांच्या आसपास. दोन अंश हात थरथरला तरी जातात. आणि आपल्या नागपुरात तर एक अंशाच्याही आत. सोनेगावच्या धावपट्टीवर १४ आणि ३२ लिहिलंय, ते कुठल्याही उत्तरेनं मोजा, १४ आणि ३२ च येईल. इथं वाढलेल्या माणसाला होकायंत्र खोटं बोलतं हे पटतच नाही. मलाही नोकरीत जाईपर्यंत पटलं नव्हतं.

हिशेब लक्षात ठेवायला आमच्या एका वऱ्हाडी साथीदारानं वाक्य केलं होतं: पूर्व वजा, पश्चिम जमा. नकाशावरून हडवर येताना. उलट जाताना उलट.

तर्री_जास्त

काका, मग नकाशातच एकच उत्तर दिशा ठेवायला काय झालं होतं?

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट

कारण चुंबकीय उत्तर एका जागी बसत नाही. पृथ्वीच्या पोटातलं वितळलेलं लोखंड हलतं, तशी ती सरकते. नकाशा छापायचा तर न हलणारी उत्तर हवी, आणि होकायंत्राला हलणारीशिवाय दुसरी ठाऊक नाही. म्हणून रनवेचे आकडेसुद्धा बदलावे लागतात. लंडनजवळच्या स्टॅनस्टेडचा ०५/२३ होता, तो २००९ मध्ये ०४/२२ झाला. जमीन तीच, डांबर तेच, फक्त रंगारी बोलावला.

हे मोजणारी माणसं आपल्याकडेही शंभराहून जास्त वर्षं आहेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहानं सुया हलणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली. १९०४ ची गोष्ट.

ट्रामचं जाऊ द्या, एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो. आम्ही विमानाचा कंपास स्विंग करायचो. हँगरपासून लांब, आजूबाजूला लोखंड नाही अशा जागी जमिनीवर गोल रंगवलेला असतो. विमान तिथं ओढून न्यायचं, थोडं थोडं फिरवत पूर्ण चक्कर करायची, प्रत्येक थांब्यावर बाहेरच्या तिपाईवरच्या होकायंत्राशी आतलं ताडून पाहायचं. एकदा मी कॉकपिटात वाकलो की आकडा चार अंश सरके, सरळ झालो की परत जागेवर. अर्धा तास सगळे विमानाला शिव्या देत होते. स्क्रू ड्रायव्हर माझ्या वरच्या खिशात होता. सार्जंटनं तो काढून घेतला आणि काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

तो विमानाच्या स्वतःच्या लोखंडाचा फरक, त्याला डेव्हिएशन म्हणतात. त्याचं कार्ड कॉकपिटात लावतात. व्हेरिएशन वेगळं, ते जागेचं. दोन्ही एकत्र कालवू नका.

धरमपेठ_ग्रिड

काकांचं सगळं मान्य. एक काडी मी टाकतो. डीसीएसचा नकाशा सपाट आहे अन् पृथ्वी गोल. त्यामुळे नकाशावरची उभी रेघ म्हणजे तंतोतंत खरी उत्तर नाही. नेलिसजवळ हा फरक अंशभरच, सोडून द्या. पण कॉकेशसच्या नकाशात जॉर्जियातल्या बटुमीकडे गेलं की पाच अंशांहून जास्त. तिथं व्हेरिएशन ६ पूर्व, म्हणजे हा फरक जवळपास तेवढाच मोठा. मिशन एडिटरमध्ये डोळ्यांनी रेघा पाहून हेडिंग काढणाऱ्यांनी तिथं हमखास मार खाल्लाय. मी दोन संध्याकाळ घालवल्या आहेत त्यात, बायको म्हणाली एवढ्यात खरंच जॉर्जियाला जाऊन आला असतास.

संत्री_विंगमन

काका, पाय कुठे आहेत तुमचे? काल रात्री परत गेलो. हडवर २०९ धरलं, धूळ तशीच ठेवली मुद्दाम. रनवे नाकासमोर आला, जणू बोलावून राहिला होता. टार्गेटही सापडलं, २९८ वर. मित्रानं ते पहिले उडवलं तो भाग निराळा.

आता शनिवारी नॉर्मंडी लावायची म्हणतो, स्पिटफायर. फोनवरच्या होकायंत्राच्या ॲपमध्ये तिथला फरक पाहिला तर जवळपास काहीच नाही. म्हणजे सुट्टी ना?

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट

मिशनची तारीख कोणती?

संत्री_विंगमन

जून १९४४.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट

मग ॲप बंद करा. ते आजचं सांगतंय. तेव्हा तिथं सुमारे १० अंश पश्चिम होतं.

संत्री_विंगमन

पश्चिम. म्हणजे जमा. नकाशावर १५० असलं तर होकायंत्रावर १६०. दुधाच्या वहीत लिहून घेतलं. आई विचारून राहिली, दूधवाल्याला दहा कशाचे जमा केले.