जहाजावरील सरकत्या काच-भिंतीचा 'रूळ': हा शब्द कुठे चालतो आणि कुठे अडतो?

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर)

वाळूजमधील एका कारखान्यासाठी मी जोडणी-पुस्तिकांचा मराठी अनुवाद करते. सध्या हाती असलेली पुस्तिका प्रवासी जहाजाच्या उपाहारगृहात बसवायच्या सरकत्या काच-भिंतीची आहे. मराठवाड्याला समुद्र नाही. परंतु त्या भिंतीचे ॲल्युमिनियमचे भाग येथे तयार होतात आणि ते उभारून पाहणारे कारागीर मराठीच वाचतात, म्हणून शब्द नेमका असणे मला महत्त्वाचे वाटते.

मूळ पुस्तिकेत वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पट्ट्यांना 'रेल' म्हटले आहे. पहिल्या मसुद्यात मी 'वरचा रूळ' आणि 'खालचा रूळ' असे लिहिले आणि त्यातूनच चूक घडली. या रचनेत तावदान वरून टांगलेले असते. सगळा भार वरची पट्टी पेलते आणि खालची पट्टी तावदानाला फक्त झुलू देत नाही. नमुना उभारणाऱ्या कारागिराने मात्र 'खालचा रूळ' वाचून तावदान खाली टेकवले, कारण रूळ म्हटला की त्यावर चाक येणार आणि चाकावर वजन येणार, हेच कोणाच्याही मनात येते. १२ मिलिमीटर जाडीची, एक मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच काच ७२ किलोंची भरते. नायलॉनचा जो लहानसा ठोकळा केवळ पट्टीत सरकण्यासाठी होता, तो दोन दिवसांत एका बाजूने चेपला आणि त्याची कड पानासारखी पातळ झाली. तो ठोकळा मी टेबलावर समोर ठेवला आहे. कारागिराने लिहिले होते तेच केले. बदलायला हवा तो शब्द.

दुकानांत 'टू-ट्रॅक', 'थ्री-ट्रॅक' हे शब्द सर्रास चालतात, पण 'ट्रॅक' लिहूनही वरच्या आणि खालच्या पट्टीतला फरक कळत नाही. खालच्या पट्टीसाठी 'चाकोरी' हा शब्द माझ्या मनात घोळतो आहे. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (अंबाजोगाई)

ताई, चाकोरी हा शब्द मलाही फार प्रिय आहे, पण तो येथे लागू पडेल असे वाटत नाही. पाऊस उघडल्यावर काळ्या रानातल्या वाटेवर बैलगाडीची चाके रुततात, चिखल वाळतो आणि दोन खोल रेघा दगडासारख्या घट्ट होतात. पुढची गाडी त्यांत शिरली की गाडीवानाने कासरा सैल सोडला तरी बैल वाट चुकत नाहीत. वाट धरून ठेवणे हे चाकोरीचे काम खरेच, पण गाडीचे ओझेही तीच सोसते. म्हणजे 'रूळ' या शब्दाने जो घोटाळा केला, तोच चाकोरीने पुन्हा होईल. शिवाय चाकोरी वापराने आपोआप पडते, कोणी ती बसवत नाही. खालच्या पट्टीला सुताराचा साधा 'खाच' हा शब्द पुरेसा आहे. खाचेत वस्तू धरलेली असते. खाचेवर वजन ठेवावे, असे कोणाला सुचणार नाही.

आपण 'तावदान' हा शब्द सहज वापरलात, तो तसाच राहू द्यावा. त्याच्या जागी 'काचपटल' यासारखा नवा शब्द घडवण्याची काहीच गरज नाही.

उत्तर (लातूर)

खाचेविषयी मी सहमत आहे, पण वरच्या पट्टीला तरी 'रूळ' म्हणावे का, याविषयी मला शंका आहे. रेल्वेचा रूळ वरून उघडा असतो. डब्याचे चाक त्यावर स्वतःच्या वजनाने टिकते आणि चाकाच्या आतल्या बाजूची उंच कड त्याला घसरू देत नाही. क्रेनने उचलले तर तेच चाक विनासायास वर येते. जहाजावर हे चालणार नाही. लाटेबरोबर डेक वर उचलला जातो आणि खाली बसतो, जहाज कुशीवर डोलते, त्याची नाळ, म्हणजे पुढचे टोक, उठते आणि पडते. अशा वेळी चाकाने उडी मारली तर काच खाली आलीच म्हणून समजावे. म्हणून अशा रचनेत वरची पट्टी पेटीसारखी बंद असते, तिच्या तळाला लांब फट असते, फटीच्या दोन्ही काठांवर आतून चाके धावतात आणि फटीतून खाली आलेल्या बोल्टला तावदान टांगलेले असते. त्या दोन काठांना 'रूळ' म्हणणे योग्य आहे, परंतु संपूर्ण पट्टीला मी 'रूळपेटी' म्हणेन. शब्द नवा असला तरी त्याचे दोन्ही भाग आपल्या तोंडातले आहेत.

प्रश्नकर्तीचे उत्तर

रूळपेटी आणि खाच हे दोन्ही शब्द मी घेत आहे. मला निरोपाने 'धाव' हा शब्दही सुचवण्यात आला होता, पण मोटेचे बैल चालतात ती उतरण आणि गाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी हे त्याचे दोन्ही अर्थ आजही जिवंत असल्याने तिसऱ्या अर्थाचे ओझे त्याच्यावर टाकणे मला बरे वाटत नाही.

आता कुलुपाचा प्रश्न उरतो. रूळपेटी जहाजाच्या रुंदीच्या दिशेने बसवली असेल आणि जहाज १५ अंश कलले, तर ते ७२ किलोंचे तावदान सुमारे साडेअठरा किलो वजनाइतक्या जोराने उताराकडे सरकू पाहते. म्हणून दर ठरावीक अंतरावर ते अडवणारा खटका असतो. मी त्याला 'कडी' लिहिले आहे.

उत्तर (अंबाजोगाई)

कडी नको. कडी बांधून ठेवते आणि हिसक्याने वाजत राहते. येथे आडवे येणारे काहीतरी हवे. आमच्या जुन्या वाड्याच्या दाराला सागवानी अडसर होता. दिवसा तो जाड भिंतीतल्या पोकळीत पूर्ण शिरलेला असे आणि फक्त त्याची लोखंडी कडी बाहेर दिसे; दिवेलागणीनंतर आजोबा ती धरून तो ओढत, तेव्हा लाकूड दगडावर घासल्याचा घोगरा आवाज येई आणि त्याचे टोक समोरच्या भिंतीतल्या भोकात जाऊन बसे. जोर कितीही आला तरी तो लाकडावरून थेट भिंतीत उतरे. आपला खटकाही हेच करतो. त्याला 'अडसर' म्हणावे.

उत्तर (नांदेड)

अडसर हा शब्द अर्थाने अचूक आहे, पण सूचनेच्या वाक्यात तो धोक्याचा ठरेल. आज 'अडसर दूर करा' या शब्दांचा अर्थ वाटेतली अडचण हटवा असाच घेतला जातो, आणि काच उघडण्याआधी वाटेतली खुर्ची बाजूला करायची की खटका सोडवायचा, हे वाचणाऱ्याला कळणार नाही. 'अडसरदांडा' लिहिल्यास ही संदिग्धता राहत नाही.

खालच्या खाचेला कोणी 'उंबरा' म्हणू नये, एवढेही सुचवतो. जहाजावर उंबरा ही वेगळी आणि गंभीर वस्तू आहे: १९६६ च्या आंतरराष्ट्रीय भाररेषा करारानुसार डेकवरच्या बंदिस्त बांधणीच्या टोकाच्या भिंतीतील दाराचा उंबरा डेकपासून किमान ३८० मिलिमीटर उंच असावा लागतो, म्हणजे डेकवर आलेले पाणी आत शिरत नाही. आपल्या उपाहारगृहातली खाच फरशीत सपाट बसलेली असणार.

प्रश्नकर्तीचे उत्तर

होय, ती फरशीशी सपाट आहे. दोन्ही सूचना मान्य आहेत.

शेवटचा शब्द मला कारागिरांकडूनच मिळाला. ॲल्युमिनियमची सहा मीटर लांब रूळपेटी ४० अंश सेल्सिअस तापमानफरकात सुमारे साडेपाच मिलिमीटर वाढते आणि ती ज्या पोलादाला जोडलेली असते ते तेवढ्याच लांबीत तीनहून थोडे कमी वाढते, म्हणून तिची भोके लांबट ठेवावी लागतात. या मोकळ्या जागेला मी 'अंतर' लिहिले होते. एक वयस्क कारागीर वाचून म्हणाले, "बाई, अंतर नाही, वाव म्हणा. अंतर दिसलं की पोरं ते भरून काढतात." त्यानुसार मसुद्यातले वाक्य आता असे झाले आहे: 'तावदान रूळपेटीला टांगावे, खाचेत टेकवू नये, बोल्ट लांबट भोकाच्या मध्यावर ठेवून दोन्ही बाजूंना वाव सोडावा, आणि अडसरदांडा पूर्ण बसल्याची खात्री झाल्यावरच हात काढावा.'