अनुभव धागा : गाभण उंदरीण आणि सोनोग्राफी

सकाळी मादीच्या योनीत प्लग (नराच्या वीर्याचा घट्ट झालेला गोळा) दिसला की आपण वहीत गर्भाचं वय ‘दिवस ०.५’ लिहितो. पण प्लग म्हणजे समागम झाला एवढंच, गर्भ राहिलाच असं नाही. खात्रीसाठी मादी मारून गर्भाशय उघडायचं आणि आत काहीच नसायचं, असं माझ्या हातून फार वेळा झालंय. ते मनातून जात नाही. ज्यांनी उंदरांची सोनोग्राफी केली आहे त्यांनी लिहा, चुकलेलंही लिहा.

पुण्याहून, पीएचडीचं चौथं वर्ष
पहिल्यांदा मी ५.५ व्या दिवशीच प्रोब (यंत्राचा पोटावर टेकवायचा भाग) लावला. काही दिसलं नाही, म्हणून ‘रिकामी’ लिहून मोकळी झाले. विसाव्या दिवशी पिंजऱ्यात सात पिल्लं! आता ८.५ ला बघते, आणि हृदयाचे ठोके बघायला १०.५ ला पुन्हा. आधी मूत्राशय शोधा, ती काळी पिशवी लगेच सापडते. तिथून गर्भाशयाचं डावं शिंग (उंदरिणीच्या गर्भाशयाला असे दोन फाटे असतात), मग उजवं. आतड्याचं वेटोळं हुबेहूब गर्भपिशवीसारखं दिसतं, पण दोन-चार सेकंद थांबलात तर आतडं हलतं.

माणसांचं यंत्र वापरता येईल का, असं बरेच जण विचारतात. माणसांच्या पोटावरून करायच्या सोनोग्राफीला ३ ते ५ मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी पुरतात; मेगाहर्ट्झ जितके जास्त तितकं बारीक दिसतं. १०.५ दिवसांचा गर्भ जेमतेम ४-५ मिलिमीटरचा, त्याचं हृदय बघायला ३० ते ५० मेगाहर्ट्झचा प्रोबच लागतो.

बॉस्टनहून
आमच्या म्युटंट (जनुक बदललेल्या) गर्भांचे ठोके मंद दिसत होते. आम्हाला वाटलं, जनुकाचाच परिणाम. मग साध्या गर्भांचेही तसेच निघाले. आयसोफ्लुरेन या भुलीच्या औषधाखाली मादी झपाट्यानं गार पडते, की ठोके मंदावतात, आणि आमचा टेबलाचा हीटर नीट चालत नव्हता. दोन महिन्यांची मोजणी टाकून द्यावी लागली. तेव्हापासून आईचं तापमान ३७ च्या आसपास असल्याशिवाय मी एकही आकडा लिहीत नाही.

मुंबईहून, ॲनिमल हाऊसची पशुवैद्य
प्रोब लावण्याआधी पोटावरचे केस काढायचं क्रीम जास्त वेळ ठेवू नका, कातडी भाजते. ओल्या गॉजनं पूर्ण पुसा. जेल कोमट करून लावा. कृपा करून.

हैदराबादहून
एका मादीत ९.५ ला आठ पिशव्या मोजल्या. १३.५ ला त्यातल्या दोन आक्रसलेल्या, ठोके नाहीत. जन्मली सहा. नुसती पिल्लं मोजली असती तर ती दोन गर्भात गेली, की जन्मल्यावर आईनं खाल्ली, हे कधीच कळलं नसतं. मोजायचं ते मात्र लवकर मोजा. पुढे गर्भ एकमेकांवर येतात आणि तोच दोनदा मोजला जातो.

पूर्वी या दोन दिवसांसाठी दोन वेगळ्या माद्या गेल्या असत्या. ही एकच होती, आणि तिनं सहाही पिल्लं वाढवली.