केमोसोबत ओमेगा-३: औषध म्हणून मोजायचं की आहार म्हणून सोडून द्यायचं?

मैत्रेयी:
स्तनाच्या कॅन्सरची केमो सुरू झाली की घरचे विचारतात, "खायला काय द्यायचं?" बहुतेकदा उत्तर मिळतं, "पचेल ते द्या, प्रोटीन वाढवा." तेलातुपाबद्दल कुणी बोलत नाही. माझं ठाम मत आहे की स्निग्धाम्लांचा (तेलातुपातल्या फॅटी ॲसिडचा) हिशेब औषधासारखा व्हायला हवा: कोणतं, किती आणि कोणत्या औषधाबरोबर.

फ्रान्समधल्या तूर शहरात फिलिप बून्यू यांच्या गटाने २००९ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. कॅन्सर शरीरात इतरत्र पसरलेल्या २५ बायकांना केमोबरोबर रोज १.८ ग्रॅम डीएचए, म्हणजे माशाच्या तेलातलं ओमेगा-३, दिलं. केमो अँथ्रासायक्लिन गटाची, जिला वॉर्डात 'लाल औषध' म्हणतात ती. मध्यक आयुष्य २२ महिने भरलं, म्हणजे निम्म्या जणी त्याहून जास्त जगल्या. ज्यांच्या रक्तात डीएचए जास्त मुरलं त्यांचं ३४ महिने, बाकीच्यांचं १८.

यामागचं कारणही समजण्यासारखं आहे. डीएचएच्या साखळीत सहा दुहेरी बंध असतात, त्यामुळे ते पटकन ऑक्सिडाइज होतं. ते गाठीतल्या पेशींच्या आवरणात जाऊन बसलं की लाल औषधाने तयार होणारा ऑक्सिजनचा मारा तिथे जास्त लागतो. याच गटाने उंदरांना सोबत ई जीवनसत्त्व दिलं, तेव्हा हा फायदा नाहीसा झाला. आणि दुकानातल्या माशाच्या तेलाच्या कॅप्सुलांमध्ये तेल टिकावं म्हणून बहुधा ई जीवनसत्त्वच घातलेलं असतं! एवढं सगळं 'आहार' म्हणून सोडून कसं चालेल?

विराज:
२५ बायका, आणि तुलनेला दुसरा गटच नाही. ज्यांच्या रक्तात डीएचए जास्त मुरलं त्यांची भूक, पचन, एकूण तब्येतच मुळात बरी असेल तर? मग ३४ महिन्यांचं श्रेय तेलाला कसं द्यायचं?

तुलनेचा गट ठेवला की काय होतं तेही बघा. अमेरिकेत अरोमाटेज इनहिबिटर, म्हणजे इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या गोळ्या, घेणाऱ्या आणि त्याने सांधे दुखणाऱ्या २४९ बायकांची चाचणी झाली, २०१५ साली प्रसिद्ध झाली. अर्ध्या जणींना रोज ३.३ ग्रॅम ओमेगा-३, अर्ध्या जणींना सोयाबीन-मक्याच्या तेलाच्या कॅप्सुल. दोन्ही गटांतल्या निम्म्याहून जास्त जणींचं दुखणं कमी झालं. दोन गटांत फरक नाही.

मैत्रेयी:
ती चाचणी सांध्यांची होती, गाठीची नव्हे. शिवाय त्याच आकड्यांच्या पुढच्या विश्लेषणात बीएमआय ३० च्या वरच्या, म्हणजे लठ्ठ बायकांमध्ये ओमेगा-३ चा फरक दिसला. इराणमध्ये पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे नसांना इजा करू शकणारं केमोचं औषध, घेणाऱ्या ५७ बायकांची चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली, तीही प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी, ठेवून केलेली. ओमेगा-३ घेतलेल्या ७० टक्के जणींच्या नसांना इजा झाली नाही, प्लासिबो गटात हे प्रमाण जेमतेम ४१ टक्के. हातापायांच्या मुंग्यांनी ज्यांना शर्टाचं बटण लावता येत नाही, त्यांना हा फरक लहान वाटेल का?

विराज:
आकडे फिरवून नंतर सापडलेला उपगट म्हणजे पुढच्या चाचणीचा विषय, पुरावा नव्हे. इराणची चाचणी चांगली आहे, पण ५७ जणींवर सगळ्यांचं प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही.

शुभांगी:
आम्ही लातूरचे. आई टॅमॉक्सिफेनवर (स्तनाच्या कॅन्सरमध्ये इस्ट्रोजेन रोखणारी गोळी) आहे आणि घरात जवसाची चटणी रोज असते. एका पाहुण्यांनी ती बंद करायला सांगितली, दुसऱ्यांनी दुप्पट करायला. टोरांटोत म्हणे जवसावर काम झालंय?

विराज:
झालंय. २००५ साली प्रसिद्ध झालं. ऑपरेशनच्या आधी बायकांना रोज २५ ग्रॅम जवस घातलेला मफिन दिला, आणि गाठीतल्या पेशींची वाढ मंदावल्याचं दिसलं. पण जवसात लिग्नान (इस्ट्रोजेनसारखी वनस्पती-संयुगं) असतात, तंतू असतात, मग फायदा स्निग्धाम्लाचाच कशावरून? जवसातल्या ओमेगा-३ चं शरीरात डीएचए फारच थोडं होतं. म्हणून तूरचा निकाल जवसाला लावू नका. चटणी नेहमीसारखी खाऊ द्या. वाढवायची तर आधी डॉक्टरांना विचारा.

अनिकेत:
नेदरलँड्सचं काम कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो. तिथे दिसलं की माशाच्या तेलातलं एक विशिष्ट स्निग्धाम्ल, १६ कार्बन आणि चार दुहेरी बंधांचं, उंदरांमध्ये सिसप्लॅटिन या प्लॅटिनमच्या केमो औषधाचा परिणाम बोथट करतं. २०१५ च्या त्यांच्या निबंधात निरोगी माणसांना माशाचं तेल दिलं, तेव्हा त्यांच्या रक्तात ते वाढलं. हेरिंग आणि मॅकरेल हे मासे खाऊनही वाढलं. केमोच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत माशाचं तेल टाळा, असं त्यांनी सुचवलं. ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनची औषधं लागू न पडणाऱ्या) स्तनाच्या कॅन्सरमध्ये सिसप्लॅटिनचं भावंड कार्बोप्लॅटिन देतात. आपला बांगडा मॅकरेलच्याच कुळातला. त्यात ते किती असतं हे तपासायला कोकणात आणि गोव्यात कुणीतरी हात घालायला हवा.

मैत्रेयी:
म्हणजे एकाच तेलाने लाल औषधाला जोर येऊ शकतो आणि प्लॅटिनमचा जोर जाऊ शकतो. म्हणूनच म्हणते, केमो देणाऱ्या डे-केअर वॉर्डाच्या कागदावर बीपी-शुगरच्या गोळ्यांच्या रांगेतच विचारा: माशाचं तेल घेता का, कोणतं, किती, शेवटचं कधी?

विराज:
विचारायलाच हवं, हे शंभर टक्के मान्य. लिहून द्यायला मात्र माझा विरोध आहे. लाल औषध घेणाऱ्या काही शे बायका, अर्ध्या जणींना डीएचए, अर्ध्या जणींना साधं तेल, आणि कुणाला काय दिलं ते ना डॉक्टरला माहीत ना पेशंटला. अशी चाचणी परळला टाटा हॉस्पिटलात किंवा कुठेही उभी राहिली, तर त्यासाठी वर्गणी काढायला मी पहिला येईन.