टोनी आयोमीची बोटं: नक्की काय केलं होतं त्याने?

अर्धबोट

मंडळी, फेब्रुवारीत माझ्या डाव्या हाताची अनामिका दारात सापडली आणि टोकाचं अर्धं पेर गेलं. जखम भरून चार महिने झाले. डॉक्टरांनी "आता काय हवं ते करा" म्हणून सोडून दिलंय, पण ते बोट गिटारच्या तारेवर टेकवलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. जिथे शिकत होतो तिथे कीबोर्डकडे वळायचा सल्ला मिळाला. गिटार भिंतीला टेकून उभी आहे. मी तिच्याकडे बघत नाही, ती माझ्याकडे बघत नाही.

जो भेटतो तो एकच नाव घेतो, ब्लॅक सॅबथ या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवाला टोनी आयोमी. "अरे त्याची तर दोन बोटं गेली, त्यातूनच हेवी मेटल जन्माला आलं!" ऐकून ऐकून कान किटले. मला प्रेरणा नकोय हो. त्याने नक्की काय केलं ते कुणी नीट सांगेल का? आणि तो जड आवाज खरंच बोटांमुळे आला, की ही मागाहून रचलेली गोष्ट आहे?

रात्रपाळी

धागा आवडला. मी बेस वाजवतो, म्हणजे वाजवायचो, पण आयोमी हा माझा जुना आजार आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

पहिली गोष्ट, कारण निम्मे लोक इथेच घसरतात. आयोमी डावखुरा. तारा छेडतो डाव्या हाताने, दाबतो उजव्याने. यंत्रात गेला तो उजवा हात, मधलं बोट आणि अनामिका. म्हणजे तुमच्यासारखाच, दाबायचा हात गेला.

बर्मिंगहॅममधला ॲस्टन भाग. पोरगा १७ वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलं होतं आणि तो नोकरीचा शेवटचा दिवस होता. पत्रा वाकवून याच्याकडे पाठवणारं माणूस त्या दिवशी आलंच नाही, म्हणून याला प्रेसवर उभं केलं. ते यंत्र त्याने आधी कधी चालवलेलं नव्हतं. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा म्हणाला, आता मी काही परत जात नाही. आई म्हणाली, काम अर्धवट टाकायचं नाही, दिवस पुरा करून ये. गेला. प्रेस खाली आला, याने घाबरून हात मागे ओढला आणि टोकं तिथेच राहिली. पुढचं सगळं लोक रंगवून सांगतात, मला मात्र दुपारी त्याला परत पाठवणारी ती आई आठवत राहते.

डॉक्टर म्हणाले, गिटार विसरा. मग कारखान्यातले एक वरिष्ठ घरी आले आणि त्यांनी जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकायला लावली. आयोमीला ऐकायची इच्छाच नव्हती. ऐकून झाल्यावर त्यांनी सांगितलं की हा माणूस डाव्या हाताच्या दोनच बोटांवर हे सगळं वाजवतो. १९२८ साली जँगोच्या कॅरॅव्हॅनला आग लागली होती, त्यात त्याची अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी झाली होती.

आता तुमचा खरा प्रश्न. आयोमीने भांडी घासायच्या फेअरी लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवली आणि त्याचा गोळा केला. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने त्याला भोक पाडलं, बोट जाईल एवढं. मग पॉलिश पेपरने घासत घासत बोटाच्या आकाराला आणलं. शिवणकामात घालतात तसं अंगुस्तान झालं म्हणा ना. पण नुसतं प्लास्टिक तारेवरून सटकतं. म्हणून जुन्या चामडी जॅकेटचे तुकडे कापून त्यावर चिकटवले. यातही गंमत आहे. चामडं फार धरायला लागलं तर बोट तारेवरून सरकत नाही, फार गुळगुळीत झालं तर तार निसटते. मधली अवस्था यावी लागते, आणि ती घासून घासूनच येते.

टोप्या बसल्या तरी त्या दोन बोटांना तार लागतच नाही, स्पर्श गेलेला. किती दाबलंय हे कानानेच ओळखायचं. म्हणून तारा हलक्या हव्या होत्या, आणि तेव्हा हलक्या तारांचे संच तयार मिळत नव्हते. त्याने बँजोच्या बारीक तारा आणून वरच्या दोन जागी लावल्या आणि गिटारच्या तारा एकेक जागा खाली सरकवल्या. तार बनवणाऱ्यांकडे हलके संच मागितले तर उत्तर मिळालं की असलं काही खपणार नाही. पुढे किती खपले ते आपण बघतोच आहोत.

आता "बोटांमुळे हेवी मेटल". इथे मी थोडा खडूस होतो. सगळे सांगतात की बोटं दुखायची म्हणून त्याने तारा ढिल्या केल्या आणि तो काळाकुट्ट आवाज आला. पण तारखा बघा. पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७०, दुसरा 'पॅरानॉइड' त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. दोन्ही नेहमीच्याच ट्यूनिंगमध्ये, म्हणजे तारा ढिल्या न करता. तीन अर्धस्वर खाली, म्हणजे ई वरून सी शार्पवर, तो १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'मध्ये उतरला. त्यामुळे बोटांना आराम मिळाला हे खरं, पण तोवर तो आवाज जगाने ऐकून झाला होता!

मग अपघाताने काय दिलं? बारीक तारा दिल्या. सहा तारा भरून वाजवायचे कॉर्ड अवघड झाले, म्हणून तर्जनी आणि करंगळीवर दोन-दोन सुरांचे कॉर्ड आले, आणि ते पातळ वाटू नयेत म्हणून त्यांना हलवत, भरीव करत वाजवण्याची सवय आली. एवढं अपघाताचं. संथ जायचं, कुठे थांबायचं, कोणता सूर वाईट लागेल आणि नेमका तोच लावायचा, हे सगळं त्या माणसाचं डोकं. त्याचं श्रेय पत्र्याच्या यंत्राला का द्यायचं?

तीव्र_मध्यम

रात्रपाळी यांच्याशी सहमत. माझा प्रांत पेटीचा, रॉक मी चोरून ऐकतो.

बँडच्याच नावाचं जे पहिलं गाणं आहे, त्याची मुख्य रिफ (पुन्हा पुन्हा येणारी सुरावट) अशी: सा, वरचा सा, आणि तिथून उतरून थेट तीव्र मध्यम. बस्स. पंचम नाही, विसाव्याला जागा नाही. तीव्र म वर तो सूर हलत ठेवतो आणि पुन्हा सा. पेटीवर वाजवून बघा, खोलीतला उजेड कमी झाल्यासारखं वाटतं. आपल्याकडे पूरिया-मारव्यातला तीव्र म कातर करतो, इथे तो नुसता उभा राहतो आणि बघत बसतो.

यामागे होल्स्ट या इंग्लिश संगीतकाराच्या 'प्लॅनेट्स' या वाद्यवृंद-रचनेतला 'मार्स' आहे. बेसवाला गीझर बटलर त्याचा भक्त, तो बेसवर ते वाजवत असायचा आणि त्याच हवेत आयोमीने ही रिफ काढली. आता यात बोटांचा काय संबंध? दहा बोटं शाबूत असलेल्या कुणालाही हे तीन सूर वाजवता आले असते. सुचले याला.

अवांतर: लय इतकी विलंबित की ढोलकीवाला असता तर उठून चहा पिऊन आला असता. त्यांचा ड्रमवाला बिल वॉर्ड मात्र मधल्या जागा काय भरतो! त्याचे कान जॅझवर वाढलेले, ते कळतं.

जुनी_कॅसेट

सगळे सत्तरातच अडकलेत. माणसाची कारकीर्द त्यानंतर पंचेचाळीस वर्षं चालली राव!

१९७९ ला मूळ गायक ऑझी ऑस्बॉर्नला काढलं. लोकांनी बँडचं तेरावं घातलं. रॉनी जेम्स डिओ आला आणि १९८० ला 'हेवन अँड हेल' आला, माझ्या मते सॅबथचा सगळ्यात बांधीव अल्बम (या वाक्यावर मला मारायला येणाऱ्यांनी रांगेत या). मग गिलन, ग्लेन ह्यूज, टोनी मार्टिन, गायक येत गेले, जात गेले. प्रत्येक संचात असलेला माणूस एकच, आयोमी. काही अल्बम टाकाऊ आहेत, ते मी कॅसेट विकत घेऊन अनुभवलंय.

२०१२ च्या सुरुवातीला लिम्फोमाचं निदान झालं. उपचार चालू असतानाच '१३' या अल्बमचं काम झालं आणि २०१३ ला तो इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. याआधीचा त्यांचा पहिला क्रमांक 'पॅरानॉइड'चा, १९७० सालचा. फेब्रुवारी २०१७ ला बर्मिंगहॅममध्येच शेवटचा दौरा संपवला. तरी ५ जुलै २०२५ ला मूळ चौघे पुन्हा उभे राहिले, व्हिला पार्कवर, म्हणजे ॲस्टनमध्येच. ऑझी सिंहासनावर बसून गायला. त्यानंतर सतराव्या दिवशी तो गेला.

आणि जेथ्रो टल या दुसऱ्या इंग्लिश बँडचं कुणीच कसं सांगितलं नाही? १९६८ च्या डिसेंबरात आयोमी थोडे दिवस तिकडे जाऊन आला. परतला तो एक गोष्ट शिकून: ते लोक सकाळी नऊला तालमीला बसतात. मग आपल्या पोरांनाही त्याने नऊला उठवायला सुरुवात केली. पहिला अल्बम एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला तो काही जादूने नाही. त्यातही मधेच त्याच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) मेला आणि जादा म्हणून आणलेली गिब्सन एसजी ही दुसरी गिटार उचलावी लागली. पुढे एसजी हीच त्याची ओळख झाली.

अर्धबोट

सगळ्यांचे आभार. आठ दिवसांनी लिहितोय कारण प्रयोग चालू होते.

प्रयोग १: बाटली वितळवली. गोळा झाला नाही, पातेल्याला चिकटला, घरभर वास, आणि पातेलं कुणाचं यावरून आमच्याकडे जे झालं ते लिहीत नाही.

प्रयोग २: स्केचपेनचं टोपण कापून, आतून कापूस भरून, वरून जुन्या पाकिटाचं चामडं. हे बसतं. तिसऱ्या गाण्याला फिरतं, पण बसतं. काजवे चमकत नाहीत.

तारा बदलून आठच्या गेजच्या, म्हणजे अगदी बारीक, लावल्या. मऊ लागतात, जरा जोरात छेडलं की सूर चढतो, त्यामुळे उजवा हात आवरता घ्यावा लागतोय.

आणि तीव्र_मध्यम, तुमची ती सा-सा-म. पहिला सा तर्जनीने, वरचा करंगळीने, तीव्र म मधल्या बोटाने, हलवायला पुन्हा करंगळी. टोपण काढून ठेवलं होतं आणि वाजवून संपेपर्यंत लक्षातच आलं नाही. अनामिका लागतच नाही हो तिथे!

एक शंका: चामड्याची कोणती बाजू तारेकडे ठेवायची, गुळगुळीत की आतली खरखरीत?

रात्रपाळी

दोन टोपणं करा, एकेक बाजू वर ठेवून, आणि दोन-दोन दिवस वाजवा. नवं चामडं पहिल्या दिवशी खोटं बोलतं, जीन्सवर घासून घ्या आधी. टोपण फिरत असेल तर आतल्या कापसाऐवजी चिकटपट्टीचे दोन वेढे देऊन बघा.

आणि पातेलं नवीन आणून द्या.