ऊसतोडीच्या मुलांना शाळेत घ्यायला रहिवासी पुरावा लागतो का?

कृष्णाकाठ (वाळवा):
शिवारात बीडच्या शिरूर कासारकडची ऊसतोड टोळी उतरली आहे. कोप्यांवर (टोळीच्या झोपड्यांवर) दुसरी, चौथी आणि सातवीची मुलं आहेत. शाळा रहिवासी पुरावा आणि शाळा सोडल्याचा दाखला मागते. टोळी मार्चपर्यंत इथंच आहे. काय करावं?

पटहजेरी:
६ ते १४ वयाच्या मुलाचा प्रवेश या दोन्ही कागदांसाठी अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ वाचा. कलम ५ : दाखल्याला उशीर झाला म्हणून नाकारता येत नाही. कलम १४ : वयाचा पुरावा नसला तरी तेच. कलम १५ : वर्षाच्या मध्ये आलं तरी घ्यायचं. रहिवासी पुरावा, नोंदणीकृत भाडेकरार हे सगळं खाजगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी आहे. ते नियम जिल्हा परिषदेच्या शाळेला लावले जातात, तिथंच घोळ होतो.

आणि दाखला काढूच नका. गावाकडचं नाव तसंच राहू द्या, तिथल्या मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक मागवा. मूल कुठल्या इयत्तेत आहे, त्याला काय येतं, हे त्यात असतं. मुकादमाच्या मोबाईलवर फोटो आला तरी सुरुवात होते. परत जाताना इथल्या शाळेनं प्रगती लिहून तेच पत्रक द्यावं. दाखला काढला तर विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर नाव दोनदा हलवावं लागतं. एका शाळेनं विनंती मंजूर केली नाही, की मूल दोन्हीकडं अधांतरी.

जुना केंद्रप्रमुख:
शाळा का कचरतात तेही बघा. शिक्षकांची पदं ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतात आणि टोळ्या येतात दिवाळीच्या आसपास. मुलं वाढतात, शिक्षक तेवढेच. शाळांचा राग समजतो, पण भुर्दंड मुलांनी का भरावा?

तोंडी बोलू नका. अर्ज दोन प्रतींत द्या, एका प्रतीवर शिक्का घ्या. नाही म्हणाले तर केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे), मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. त्याच कायद्याच्या कलम ३२ ची तक्रार जिल्हा परिषदेकडं करता येते, पण निर्णयाला ३ महिन्यांची मुदत आहे. तोवर निम्मा हंगाम संपतो, म्हणून ती शेवटी.

कृष्णाकाठ:
सातवीची मुलगी धाकट्याला सांभाळते, ती कशी येणार?

पटहजेरी:
धाकटा ३ वर्षांच्या पुढं असेल तर आधी त्याला अंगणवाडीत घाला. सेविकेला कोप्यांवर घेऊन जा, नाव तिथंच लिहून घ्या. तो बसला की मुलगी सुटते. त्याहून लहान असेल तर फडावर जाण्याआधी आई-वडील आणि मुकादम तिघांशी बोलावं लागेल. टोळीत एखादी म्हातारी मागं राहत असेल, तिला विचारा.